माळराखणीचे श्रमदान : लासुर्णे परिसरासाठी वर्षभराचे नियोजन

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून बारामती व इंदापूर तालुक्यांतून वाहत आहे. लासुर्णे परिसरातील ऊस आणि फळबागा कालवा व विहिरी यांच्याच आधाराने उभ्या राहिल्या. मात्र कालव्याच्या वरच्या अंगाला, जेथे पाटाचे पाणी पोहोचत नाही तेथे मुरमाड जमिनीचे उघडे माळ पसरलेले आहेत. या माळांवर चिंकारा, लांडगा, खोकड, ससा, तित्तर, चंडोल, धाविक असे अनेक प्राणी-पक्षी राहतात. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये प्रामुख्याने चिंकाऱ्यासाठी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द कळत नाही. तो वनजमिनीवर, गायरानात आणि आपल्या जिरायत शेतातही चरतो. त्यामुळे त्याचे राखणदार वनरक्षकाबरोबर माळाशेजारचे शेतकरीही आहेत.

अलीकडे निसर्गासाठी श्रमदान करण्याची हौस गावोगाव वाढली आहे व ती स्वागतार्ह आहे. परंतु हे श्रमदान बहुधा वर्षातून दोनदा होते. जूनमध्ये झाडे लावली जातात आणि मे महिन्यात पाणवठ्यात टँकर रिकामा केला जातो. उरलेले दहा महिने माळाकडे कोणी फिरकत नाही. माळाला लागणारी कामे लहान असतात, ती ठराविक वेळीच करावी लागतात आणि जवळ राहणाऱ्या माणसालाच ती साधतात. ती कोणती, केव्हा व कशी करावीत याची माहिती या लेखात दिली आहे.

माळ म्हणजे पडीक रान नव्हे

महसुली दप्तरात माळाची नोंद बहुधा पोटखराबा, पडीक किंवा गायरान अशी असते. त्यामुळे ही जमीन निरुपयोगी आहे, तेथे काहीतरी लावले पाहिजे, असा समज झाला आहे. अवर्षणप्रवण विभागात पाऊस कमी व अनिश्चित असतो. हलक्या, उथळ जमिनीत दाट जंगल वाढत नाही. अशा ठिकाणी निसर्गाने गवत दिले आहे. पवन्या, मारवेल, धामण, डोंगरी ही बहुवर्षायू गवते आपल्या तंतुमुळांच्या जाळ्याने मुरमाला धरून ठेवतात. पावसाच्या थेंबाचा मार गवताच्या पात्यांवर झेलला जातो, पाणी सावकाश वाहते व जमिनीत मुरते. माळ बोडका झाला की तेच पाणी गाळ घेऊन ओढ्याला मिळते आणि खालच्या विहिरींचे पाझर लवकर आटतात.

माळाचा शेतीला आणखी एक फायदा आहे. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी माळावर उतरतात व नाकतोडे खातात. खोकड, कोल्हा व घुबड हे उंदरांवर जगतात. माळ चांगला असेल तर हे मित्रप्राणी शेताच्या बांधापर्यंत येतात.

नेमके कोणते श्रमदान टाळावे ?

हेतू चांगला असला तरी पुढील कामांमुळे माळाचे नुकसान होते.

१) माळावर दाट वृक्षलागवड : खड्डे घेताना वर्षानुवर्षांचे गवताचे ठोंब उखडले जातात. झाडांची सावली वाढली की उन्हात वाढणारे गवत विरळ होते. चिंकारा मोकळ्या जागेत दुरून धोका ओळखून पळणारा प्राणी आहे. दाट झाडोरा त्याला मानवत नाही. झाडे अवश्य लावावीत, पण ती गावठाण, शाळा, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ आणि शेताचा बांध येथे लावावीत. माळावर आपोआप आलेली बोर, हिवर, बाभूळ यांची तुरळक झाडे तशीच राखावीत.

२) गिरिपुष्प व वेडी बाभूळ पसरवणे : गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतासाठी उत्तम आहे. परंतु त्याचे बी माळावर फेकू नये. वेडी बाभूळ एकदा माजली की तिच्याखाली गवत उरत नाही.

३) पाडस उचलून आणणे : चिंकाऱ्याची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते व ठराविक वेळाने येऊन पाजते. गवतात एकटे, निश्चल बसलेले पाडस पोरके नसते. त्याला हात न लावता तेथून दूर व्हावे. ते जखमी असेल किंवा कुत्री मागे लागली असतील तरच वन विभागास कळवावे.

४) हरणाचा पाठलाग : मोटारसायकलवरून मागे लागून किंवा गर्दी करून पकडलेले हरीण वरून धडधाकट दिसले तरी भीती व अतिश्रमाने काही तासांत, कधी काही दिवसांनी दगावू शकते. जखमी जनावर दिसल्यास गर्दी हटवणे व शांतता राखणे हेच पहिले श्रमदान होय.

हंगामवार कामे

जून ते ऑगस्ट : पहिल्या चांगल्या पावसानंतर उघड्या पडलेल्या जागी गवताचे बी टाकावे. ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून मागील हंगामात गोळा करून सहा ते आठ महिने साठवलेले बी वापरावे. बी हलके असल्याने वाऱ्याने उडते. त्यासाठी ते माती व शेणखतात कालवून त्याच्या लहान गोळ्या कराव्यात किंवा हलक्या ओळी ओढून त्यात टाकावे व मातीने अगदी पातळ झाकावे. मारवेलाचे मुळ्या असलेले ठोंब लावल्यास ते लवकर धरतात. याच काळात जमीन ओली असल्याने वेडी बाभळीची रोपे मुळासह उपटता येतात. हेच काम उन्हाळ्यात करू गेल्यास रोप वरून तुटते व पुन्हा फुटते. समतल चर गाळाने भरले असल्यास ते मोकळे करावेत, परंतु नवीन चर यंत्राने खोदू नयेत.

सप्टेंबर ते ऑक्टोबर : गवत फुलोऱ्यात असताना कापल्यास चारा सकस मिळतो, पण सर्वच गवत या वेळी कापले तर पुढील वर्षासाठी बी पडत नाही. म्हणून कापणीची परवानगी असलेल्या क्षेत्रातही काही पट्टे बी पक्व होईपर्यंत राखून ठेवावेत. दरवर्षी राखीव पट्टा बदलावा. या पट्ट्यातूनच पुढील जूनसाठी बी गोळा करावे, सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे व पिशवीवर गवताचे नाव आणि महिना लिहावा.

नोव्हेंबर ते जानेवारी : हे जाळरेषेचे दिवस आहेत. रस्ता व पायवाटेलगतचे वाळलेले गवत पट्ट्याने काढून घेतले म्हणजे विडी-काडीने लागलेली आग आत शिरत नाही. जाळरेषा कोठे व किती रुंद घ्यावी हे वनरक्षक ठरवतात. स्वयंसेवकांनी गवत कापून व खरडून बाजूला घ्यावे. जाळण्याचे काम वन कर्मचाऱ्यांवरच सोपवावे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे हिवाळ्यात होत असल्यास त्यांना हे काम द्यावे.

फेब्रुवारी ते मे : या काळात वणव्यावर नजर ठेवावी. गावातील चार-पाच जणांनी वार वाटून घेतले तर कोणावरही भार पडत नाही. दुपारी व संध्याकाळी उंचवट्यावरून एक नजर टाकणे एवढेच काम आहे. धूर दिसताच प्रथम वन विभागास कळवावे व मगच हिरव्या डहाळ्या घेऊन निघावे. आग झोडपताना वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे आगीच्या तोंडासमोर, कोणीही उभे राहू नये. सुती कपडे घालावेत. लहान मुलांना नेऊ नये.

मार्च ते ऑगस्ट या काळात टिटवी, चंडोल, धाविक यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. अंडी मातीच्या रंगाची असल्याने दिसत नाहीत. या दिवसांत माळावर वाहने घालणे, क्रिकेटचे सामने भरवणे किंवा मोठ्या संख्येने फिरणे टाळावे.

पाचट जाळणे थांबविणे हेही श्रमदानच

लासुर्णे परिसरात उसाखालील क्षेत्र मोठे आहे. तोडणीनंतर हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. ते पेटवल्यावर ठिणगी बांध ओलांडून माळावर जाते व काही तासांत शेकडो एकर गवत जळते. जमिनीलगतची घरटी, सरडे, सशाची पिले यांचा जीव जातो आणि मेंढ्यांचा उन्हाळ्याचा चाराही संपतो. आपल्या शेतातही सेंद्रिय पदार्थ व उपयुक्त जिवाणू नष्ट होतात.

खोडव्यात पाचट सरीत दाबून ठेवावे. एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन वापरावे. त्यामुळे पाचट शेतातच कुजते, ओल टिकते व तण कमी होते. माळाच्या कडेच्या शेतकऱ्याने पाचट न पेटवणे हे माळावर दहा झाडे लावण्यापेक्षा मोलाचे काम आहे.

विहीर, शेततळे आणि पाणवठा

श्रमदानाची सुरुवात स्वतःच्या शेतातून करावी. माळाच्या कडेला असलेल्या जुन्या, कठडा नसलेल्या विहिरीत रात्री हरणे, खोकड व लांडगे पडतात. विहिरीस निदान तीन फूट उंचीचा दगडी कठडा बांधावा. ते शक्य नसल्यास काटेरी फांद्यांचे दाट कुंपण करावे.

प्लॅस्टिक कागदाचे अस्तर असलेले शेततळे अधिक धोक्याचे असते. फळबागांसाठी अशी तळी मोठ्या संख्येने झाली आहेत. पाणी पिण्यास उतरलेले जनावर गुळगुळीत कागदावरून घसरते व कितीही धडपडले तरी वर येऊ शकत नाही. माणसांच्या बाबतीतही असे प्रसंग घडतात. यासाठी –

१) शेततळ्याभोवती जाळीचे कुंपण करावे व खालची कड मातीत गाडावी.

२) तळ्याच्या दोन समोरासमोरील बाजूंना काथ्याची किंवा जाड नायलॉनची जाळी काठापासून तळापर्यंत सोडावी. ती बांधावर, कागदाच्या बाहेर, खुंटीस घट्ट बांधावी म्हणजे कागद फाटत नाही.

३) जाळी नसल्यास जुने टायर दोराने एकाखाली एक बांधून सोडावेत. त्यावर पाय रोवून जनावर वर येते व पडलेल्या माणसालाही आधार मिळतो.

माळावर पाणवठा करायचा असेल तर तो परातीसारखा उथळ, खरबरीत तळाचा व सर्व बाजूंनी सौम्य उताराचा असावा. उभ्या भिंतीच्या टाक्यात लहान प्राणी व पक्षी बुडतात. पाणवठा रस्त्यापासून दूर असावा. आठवड्यातून एकदा तो घासून, धुऊन मगच भरावा. चिंकारा पाला, शेंगा व दवातून बरेचसे पाणी मिळवतो आणि पाण्यावाचून अनेक दिवस राहू शकतो. म्हणून जागोजाग पाणवठे करू नयेत. मोजकेच करावेत व तेच संपूर्ण उन्हाळाभर सांभाळावेत. प्राण्यांना सवय लावून मध्येच पाणी बंद करणे अधिक वाईट.

कुत्री, कळप आणि लांडगा

गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या व जनावरांवर भटकी कुत्री वाढतात व पुढे टोळीने हरणांवर धावतात. कुक्कुटपालकांनी मृत पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. पाळीव व राखणीच्या कुत्र्यांना पिसाळ रोगाची लस दरवर्षी द्यावी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने डिस्टेंपरचीही लस टोचावी. हे रोग कुत्र्यांतून लांडगा व खोकड यांना होतात. लसीकरणाच्या दिवशी कुत्री धरून आणणे हे तरुण मंडळांनी सहज करण्यासारखे काम आहे.

मेंढपाळांना वगळून माळ राखता येत नाही. काही मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाकडे जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. नेमके त्याच वेळी गवताचा नवा फुटवा येतो. तो लगेच खुडला गेला तर ठोंब दुबळे होतात व हळूहळू पवन्या, मारवेल जाऊन कुसळी उरते. यावर चराईबंदीचा फलक लावून भागत नाही. गावाने मेंढपाळांबरोबर बसून गायरानाचे तीन-चार भाग पाडावेत व दरवर्षी एक भाग पाळीपाळीने पूर्ण राखावा. राखलेल्या दिवसांत कळप शेतात खतासाठी बसवून घ्यावेत. त्यातून मेंढपाळास आधार व शेतास खत मिळते. लांडग्याने मेंढी मारल्यास शासनाकडून भरपाई मिळते. तिची कागदपत्रे तयार करण्यास साक्षर शेतकऱ्याने मदत करावी. भरपाई वेळेवर मिळाली तर मेलेल्या मेंढीवर विष टाकण्याची वेळ येत नाही.

पिकाचे नुकसान झाले तर ?

हा प्रश्न बाजूला ठेवून कोणालाही माळ राखण्यास सांगणे योग्य नाही. हरीण व रानडुक्कर पिकात येतात, कोवळी पिके खातात, हे खरे आहे. अशा वेळी नुकसान शक्यतो त्याच दिवशी वनरक्षक किंवा वन परिक्षेत्र कार्यालयास लेखी कळवावे, पिकाची छायाचित्रे घ्यावीत, सात-बारा उतारा जोडावा व पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नये. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही दगावली आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत चिंकारा व लांडगा यांचा समावेश असून त्यांच्या शिकारीस किमान तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे.

संघटन कसे करावे ?

वनजमिनीवर एकट्याने, मनाला येईल तसे काम करू नये. तेथे चांगल्या हेतूनेही खोदाई, तोड किंवा जाळणे हा अपराध ठरतो. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असल्यास तिच्यामार्फत काम करावे. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते व गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीची माहिती यांची लोकनोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. ग्रामसभेत तिचा विषय मांडून तीत एक मेंढपाळ, माळाशेजारचा एक शेतकरी व गवताची जाण असलेल्या महिला यांना घ्यावे. गवताची नावे, त्यांचा हंगाम, कोणते जनावर काय खाते हे वयस्कर स्त्रियांना सर्वांत चांगले ठाऊक असते.

एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, ठिकाण, काय पाहिले व किती, एवढेच लिहावे. किती चिंकारा, त्यांत पाडसे किती, कोठे आग लागली, कोणत्या विहिरीत जनावर पडले, याची पाच वर्षांची नोंद असलेले गाव वन विभागाशी पुराव्यासह बोलू शकते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना करतो. तीत भाग घेण्यासाठी आधी नाव नोंदवावे. वन विभागाशी संपर्कासाठी १९२६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

शेतकऱ्यांनीच नैसर्गिक साधनसंपत्ती राखल्याची उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८६ मध्ये जमिनीची धूप, क्षार व तण यांनी त्रासलेल्या शेतकऱ्यांनी शेजारी-शेजारी मिळून ‘लँडकेअर’ गट सुरू केला. पुढे देशभर असे हजारो गट झाले. आपल्याकडे राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथे श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांतून गवत व पाणी दोन्ही परत आले. आपल्या तालुक्याचे सांगावयाचे तर २०२४ मध्ये पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लोक पैसे खर्चून माळ पाहावयास येऊ लागले. उजनी जलाशयाच्या काठी भिगवण, कुंभारगाव येथे मच्छीमार नावाडी रोहित पक्षी दाखवून हिवाळ्यात जोड उत्पन्न मिळवतात, हेही आपण पाहतो. परंतु पाहुणे येण्यासाठी आधी माळ शिल्लक राहावयास हवा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे चराऊ कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागेही हाच विचार आहे.

थोडक्यात

१) माळावर झाडे नको, गवत राखा. झाडे बांधावर व गावात लावा.
२) पाचट जाळू नका, कुजवा.
३) विहिरीस कठडा व शेततळ्यास जाळीची शिडी या हंगामातच करून घ्या.
४) हिवाळ्यात जाळरेषा, उन्हाळ्यात वणव्याची राखण, पावसाळ्यात बी व ठोंब, असे वर्ष वाटून घ्या.
५) पाडसाला हात लावू नका, हरणाचा पाठलाग करू देऊ नका.
६) मेंढपाळांना बरोबर घ्या, कुत्र्यांना लस द्या.
७) वनजमिनीवरील प्रत्येक काम वन विभागाच्या परवानगीने करा व वहीत नोंदवा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या कामांस मोठा निधी लागत नाही. पाच शेजाऱ्यांनी आठवड्याचा एक तास दिला तरी पुरे. कठडा नसलेली माळाकडची विहीर आपल्या शिवारात कोणती आहे, हे आपणास ठाऊक आहेच. येत्या रविवारी कामाची सुरुवात तेथूनच करावी.